समुद्रकाठचे घर : चैन एकाची, जमीन दुसऱ्याची

अलिबागपासून दापोलीपर्यंतच्या किनारपट्टीत जागेची चौकशी करणाऱ्यांची पहिली अट ठरलेली असते : घरातून समुद्र दिसला पाहिजे. मुंबईच्या दोन खोल्यांत उमेद घालविलेल्या माणसाला खिडकीबाहेरचे मोकळे पाणी हीच चैन वाटावी, यात नवल नाही.

परंतु दिवेआगर, गुहागर अशी जुनी गावे पाहावीत. तेथे घरांची तोंडे रस्त्याकडे आहेत, समुद्राकडे पाठ. मागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीच्या टोकाला केवड्याचे बन आणि मग पुळण. खारा वारा लोखंड खातो, हे तेथील माणसाला कुणी सांगावे लागत नाही. गोड्या पाण्याची विहीर, दाट सावली आणि हाकेच्या अंतरावर शेजारी, ही त्याची श्रीमंती. आखातात वीस-वीस वर्षे राबलेल्या आमच्या कोकणी बांधवांची कल्पना आणखी निराळी. त्यांतील अनेकांनी दुमजली स्लॅबचे घर बांधले ते मोहल्ल्यातच, भावाच्या घराला लागून. समुद्र ओलांडून कमावणाऱ्याला तो पाहत बसण्याचे अप्रूप ते काय असणार!

बाजारभाव मात्र ठरतो तो मुंबईकराच्या चैनीवर. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि अलिबाग मुंबईच्या आणखी जवळ आले. वाडीचे जे टोक मालकाला सर्वांत कमी मोलाचे वाटते, त्याचेच गिऱ्हाईक सर्वांत जास्त पैसे देते. सौदा फायद्याचा वाटतो तो येथेच. पण रोकड लग्नात आणि गाडीत संपते. वाडी दरवर्षी काही ना काही देत असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातील सुपारीच्या बागा भुईसपाट केल्या, तेव्हा हातघाईला आलेल्या मालकाने विकण्याचा विचार केला तर त्याला दोष देता येत नाही. सुपारीला पुन्हा फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि दलाल तेवढे थांबत नाही.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. १९९१ च्या सी.आर.झेड. अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई केली. २०१९ च्या अधिसूचनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणण्याची तरतूद झाली. विरळ वस्तीत ती २०० मीटरच राहिली. म्हणजे ज्या नजाऱ्यासाठी जादा पैसे मोजायचे, तो बहुधा बांधकाम करता न येणाऱ्या पट्ट्यातच असतो. शिवाय शेतकरी नसलेल्यास परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. दलालाच्या तोंडी आश्वासनावर बयाणा देऊ नये. सातबारा, फेरफार आणि भरतीरेषेचा नकाशा वकिलाकडून तपासून घ्यावा.

वाडीवाल्यांना आम्ही दुसरी वाट सुचवू. जमीन न विकता राहत्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात. पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना यासाठीच आहे. न्याहारीला तांदळाची भाकरी, जेवणाला ताजी मासळी आणि वाडीतून समुद्रापर्यंत जाणारी पायवाट एवढ्यावर मुंबईचा माणूस खूश असतो, आणि दोन दिवसांनी तो आपल्या घरी परत जातो.