मर रोगाचा माग: सव्वाशे वर्षे

सौदी अरेबियातल्या जेद्दाच्या बलद या जुन्या वस्तीत, प्रवाळी दगडांच्या आणि लाकडी जाळीदार सज्ज्यांच्या जुन्या घरांमधल्या गल्ल्यांत, रत्नागिरी-रायगडकडची माणसे सहज भेटतात. हाजींना घेऊन मुंबईहून निघणारी जहाजे १९९० च्या दशकापर्यंत याच शहराच्या बंदराला लागत होती. कोकणाला हे गाव परके नाही. इथे नोकरी करणाऱ्या अनेकांची घरची जमीन भाऊ किंवा चुलते बघतात. भात कापून झाले की त्याच खाचरात कलिंगड लागते आणि जानेवारी-फेब्रुवारीत फोनवर फोटो येऊ लागतात. भर दुपारी मान टाकलेला वेल आणि खाली एकच प्रश्न: ‘कोणतं औषध मारू?’

त्याआधी विचारायला हवे की वेल मरतोय कशाने. या प्रश्नाच्या उत्तरामागे संशोधकांची फार मोठी मेहनत आहे आणि ती शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला हवी.

कलिंगडाच्या मर रोगाचा पहिला सखोल अभ्यास अमेरिकी कृषी खात्यातल्या एर्विन स्मिथ यांचा. १८९९ साली त्यांनी कापूस, कलिंगड आणि चवळी या तिन्ही पिकांच्या मर रोगावर अहवाल प्रसिद्ध केला. फ्युजॅरियम नावाची बुरशी मुळांतून शिरते, खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढते आणि वेल तहानेने मरतो, हे त्यांनी दाखवून दिले. जमीन ओली असतानाही वेल का सुकतो, याचा उलगडा त्यातून झाला. मात्र मेलेल्या झाडांवर त्यांना आणखी एका बुरशीची फळे सापडली आणि ती याच रोगकारकाची पुढची अवस्था असावी असे त्यांनी मानले.

हा गुंता सुटला तो भारतात. बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत एडविन बटलर तुरीच्या मर रोगावर काम करत होते. स्मिथ यांना सापडलेली ती बुरशी मेलेल्या झाडावर जगणारी आहे, तूर मारणारी फ्युजॅरियम वेगळीच आहे, असे त्यांनी १९१० साली सिद्ध केले. आजही निदान करताना हाच धडा पहिला लक्षात ठेवावा लागतो. वाळून गेलेल्या वेलावर दहा प्रकारच्या बुरश्या येतात. त्या वेल मेल्यानंतर आलेल्या असतात. तपासणीला द्यायचा तो वेल नुकता मलूल झालेला, मुळासकट उपटलेला असावा.

पुढचा काळ उपाय शोधण्याचा. विल्यम ऑर्टन यांनी ‘ईडन’ या गोड कलिंगडाचा संकर रानटी जातीच्या, न खाता येणाऱ्या कलिंगडाशी करून ‘कॉन्करर’ हे वाण १९११ च्या सुमारास आणले. ते रोगाला टिकले, पण चवीत मागे पडले. जपानने १९२० च्या दशकात दुसरी वाट धरली आणि कलिंगडाचे कलम भोपळ्याच्या खुंटावर बांधले. १९५४ साली आलेल्या ‘चार्ल्सटन ग्रे’ वाणात रोगाला तोंड देण्याची ताकद आणि बाजारात चालणारे फळ एकत्र आले. पण बुरशीही बदलत गेली. जुन्या प्रतिकारक वाणांनाही मारणारा तिचा प्रकार १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये आणि पुढच्या दशकात अमेरिकेत आढळला, तर २०१० साली त्याहून आक्रमक प्रकाराची नोंद झाली. आज बियाण्याच्या पाकिटावर ‘मर रोगास प्रतिकारक’ असे छापलेले असले, तरी कोणत्या प्रकाराला, हे विचारावेच लागते.

सौदी अरेबियाच्या उष्ण, खारवट मातीतून निदानाचा आणखी एक धडा मिळाला. फळे पक्व व्हायच्या सुमारास वेल काही दिवसांत कोलमडतात, ते मोनोस्पोरॅस्कस नावाच्या वेगळ्याच बुरशीमुळे. या देशात खरबुजावर तिची नोंद १९९७ साली झाली. ती खोडाच्या नळ्या तपकिरी करत बसत नाही, मुळे कुजवते. मेलेल्या मुळांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. फ्युजॅरियमला टिकणारे वाण, फ्युजॅरियमवरचे उपाय तिच्यापुढे निरुपयोगी. वरून दोन्ही वेल सारखेच मलूल दिसतात, म्हणून फोटोवरून उत्तर देता येत नाही.

मग शेतात काय बघायचे? आधी एखादीच फांदी दुपारी मलूल होते, रात्री सावरते, बुडाकडची पाने पिवळी पडतात. असा वेल उपटून बुंध्याजवळ खोड उभे चिरावे. आत तपकिरी रेषा दिसली तर फ्युजॅरियमचा संशय बळावतो. मुळांना गाठी असतील तर सूत्रकृमी. मुळाची साल बोटांनी सुटून आत दोरा उरत असेल तर साचलेल्या पाण्यातली मुळकूज. बुंध्यावर तांबूस डिंक आणि पानांवर करपा असेल तर डिंक्या. शेंडा ताठ उभा राहून करपत गेला तर फुलकिड्यांनी आणलेला विषाणू, आणि मग बुरशीनाशकाची आळवणी म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी. शंका उरली तर नमुना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे न्यावा.

गेल्या काही वर्षांत कोकणातही गादीवाफे, मल्चिंग पेपर, ठिबक आणि रोपवाटिकेतली रोपे आली. उत्पादन वाढले, पण कागदाखालचे बुड नजरेआड झाले. एकाच जागेत दरसाल कलिंगड घेण्याचा मोहही वाढला. कोकणची आम्लधर्मी माती या बुरशीला मानवते. पावसाळाभर भाताच्या खाचरात तुंबलेले पाणी तिला काही अंशी रोखते, पण जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात ती मातीत दहा वर्षांहून अधिक काळ तग धरते. नळ्यांत शिरल्यावर तिला बाहेर काढणारे औषध नाही. फेरपालट, चुना देऊन मातीची आम्लता कमी करणे, निरोगी रोपे, कलमी रोपे, लागवडीपूर्वीच शेणखतातून ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, सारे उपाय रोगाच्या आधीचे आहेत.

मोठ्या शेतकऱ्याला जागा बदलता येते. कोकणातल्या भावकीच्या वाटणीत दोन-चार गुंठ्यांची खाचरे येतात. एक नासले तर दुसरे नाही. चुकीच्या निदानाने इथे एका हंगामाचे पैसे जातातच, शिवाय पुढची कित्येक वर्षे त्या तुकड्यात कलिंगड घेता येत नाही. म्हणून बलदमधून फोन करणाऱ्या प्रत्येकाने गावच्या भावाला आधी सांगावे: औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी एक वेल उपट, खोड चिर, मुळे धुऊन बघ.