तळाशी दबा धरणारा मासा

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील खाड्यांमध्ये 'डस्की फ्लॅटहेड' हा मासा आढळतो. डोके चपटे, डोळे वरच्या अंगाला आणि रंग तळाच्या वाळूशी वा गाळाशी मिळताजुळता. भक्ष्याच्या मागे तो फारसा धावत नाही. वाळूत अंग पुरून घेतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालतो. त्याला पकडण्याचे सारे तंत्र या एका सवयीवर आधारलेले आहे.

ओहोटी लागली, की उथळ भागातील पाणी खोल प्रवाहाकडे ओसरू लागते. त्याबरोबर लहान मासे आणि कोळंबीही खाली येतात. साहजिकच या उतारावर फ्लॅटहेड वाट पाहत असतो. हौशी मासेमार इंजिन बंद करून होडी प्रवाहाबरोबर वाहू देतात आणि उताराच्या रोखाने आमिष फेकतात. हे आमिष म्हणजे साधारण तीन ते पाच इंच लांबीचा, मऊ प्लॅस्टिकचा मासा. शिशाचे डोके असलेल्या गळावर तो ओवलेला असतो. शिशाचे वजन खोली आणि प्रवाह पाहून ठरवावे लागते. ते कमी पडले, तर आमिष तळ गाठत नाही. जास्त झाले, तर धोंड्यासारखे आदळते.

आमिष पाण्यात पडताच रीळ गुंडाळण्याचा मोह आवरावा लागतो. दोरी सैल पडली, म्हणजे आमिष तळाला टेकले असे समजावे. मग काठीच्या टोकाने दोन हलके झटके देऊन ते उचलावे, सैल दोरी गुंडाळावी आणि आमिष पुन्हा तळाशी जाऊ द्यावे. बहुतेकदा मासा ते खाली जात असतानाच धरतो. म्हणून त्या क्षणी दोरी इतपत ताठ हवी, की हलकासा धक्काही हाताला जाणवावा.

मासा होडीजवळ आल्यावर जाळीनेच उचलावा. त्याच्या गालांवरील काटे धारदार असतात. मात्र खरा विवेक यानंतरच लागतो. या जातीतील सर्वांत मोठे मासे बहुधा माद्या असतात आणि मोठी मादी अधिक अंडी देते. क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच ४० सेंटिमीटरपेक्षा लहान आणि ७५ सेंटिमीटरपेक्षा मोठा डस्की फ्लॅटहेड ठेवता येत नाही. ज्या माशाची वर्षभर वाट पाहिली, नेमका तोच पाण्यात सोडावा लागतो. पुढच्या पिढ्यांची बेगमी त्यातच आहे.