विश्लेषण : नागरिकांच्या ‘रक्षणाची जबाबदारी’ जगाने घेतली, मग हत्याकांडे थांबत का नाहीत?

जानेवारी १९९४. रवांडातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमियो डॅलेर यांनी न्यूयॉर्कला तातडीचा संदेश धाडला : तुत्सींना ठार मारण्याची तयारी सुरू आहे, शस्त्रसाठ्यांवर छापे घालायचे आहेत. परवानगी नाकारली गेली. एप्रिलमध्ये हत्याकांड सुरू झाले आणि सुमारे १०० दिवसांत जवळपास ८ लाख माणसे मारली गेली.

इशारा मिळूनही काय झाले?
कत्तल सुरू असतानाच सुरक्षा परिषदेने अडीच हजारांच्या घरातील शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी बोस्नियात संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात ८ हजारांहून अधिक मुस्लीम पुरुष आणि मुलग्यांची हत्या झाली.

‘रक्षणाची जबाबदारी’ म्हणजे काय?
या दोन अपयशांनंतर २००५च्या जागतिक शिखर परिषदेत सदस्य देशांनी हे तत्त्व मान्य केले. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरोधी गुन्हे यांपासून जनतेचे रक्षण करणे ही आधी त्या-त्या सरकारची जबाबदारी. त्यात इतर देशांनी मदत करायची. सरकार उघडपणे अपयशी ठरले आणि शांततेचे मार्ग अपुरे पडले, तरच सुरक्षा परिषदेमार्फत सामूहिक कारवाई. म्हणजे बळाचा वापर हा शेवटचा उपाय.

ते कधी उपयोगी पडले?
केनियात डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक बळी गेले. आफ्रिकन युनियनच्या वतीने कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली. फेब्रुवारी २००८ मध्ये म्वाई किबाकी आणि रायला ओडिंगा यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला. परदेशी फौजा उतरवाव्या लागल्या नाहीत.

मग विश्वास कुठे उडाला?
लिबियात. मार्च २०११ मध्ये नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाचा वापर करण्यास परवानगी देणारा ठराव १० मतांनी संमत झाला. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले. प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती पुरेशी नसताना ठराव होत असल्याचा भारताचा आक्षेप होता. ‘नाटो’च्या हल्ल्यांनंतर गडाफींची राजवट कोसळली आणि देश सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. रक्षणाच्या नावाखाली सत्तापालट झाला, असा आरोप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीरियाविषयीच्या ठरावावर रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. पुढेही तेच घडत राहिले.

नकाराधिकाराला आवर घालता येईल?
सामूहिक अत्याचारांच्या प्रसंगी तो स्वेच्छेने वापरू नये, असा प्रस्ताव फ्रान्स आणि मेक्सिकोने मांडला आहे. एप्रिल २०२२ पासून नकाराधिकार वापरला गेल्यास १० कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा होते. यामुळे जाब विचारता येतो; नकाराधिकार मात्र कायम राहतो. म्हणूनच केनियाचा धडा मोलाचा. परिषदेत मतदानाची वेळ येण्याआधीच मध्यस्थ पोहोचले, तर माणसे वाचण्याची शक्यता अधिक असते.