२४० हर्ट्झ: आकडा मोठा, फायदा किती?

सॅमसंगच्या ४९ इंची ओडिसी जी-९ मॉनिटरमध्ये (२०२०) नजर आधी २४० हर्ट्झवर जाते. हिशेब वेगळं सांगतो. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४वर ६.९, २४०वर ४.२; म्हणजे पहिल्या उडीत जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत जेमतेम पावणेतीन. शिवाय ५१२० बाय १४४० म्हणजे सुमारे ७४ लाख पिक्सेल. ते सेकंदाला २४० वेळा रंगवणारं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर आकडा खोक्यावरच राहतो. गेमिंगच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांना तेवढंही मोलाचं, हे कबूल. पण ते बहुधा २४-२५ इंची सपाट पडद्यावर खेळतात. पैसे मोजायचेच तर या पडद्याच्या वक्रतेसाठी: १०००आर म्हणजे एक मीटर त्रिज्या, तेवढ्या अंतरावर बसलं की मध्य आणि दोन्ही कडा डोळ्यांपासून सारख्याच लांब. एक्सेलच्या सरळ रेघा मात्र वाकड्या भासतात.