हशाच्या आधी हसायचंय!

‘आय पास्ड आउट इन 2023.’ ऑनलाइन मुलाखतीत माझ्या रूममेटने हे वाक्य एकदम खणखणीत आवाजात टाकलं. पलीकडचे अमेरिकन साहेब क्षणभर गप्प. मग हसून त्यांनी विचारलं, आता बरं वाटतंय ना? आपल्याकडे पास आउट होणं म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं. अमेरिकेत? चक्क बेशुद्ध पडणं!

रूममेट मराठी माध्यमातली. ग्रामर पक्कं, पेपरात मार्क भरपूर. पण समोरचा भराभर बोलायला लागला की पंचाईत. त्या मुलाखतीनंतर दोन दिवस ती रडली आणि तिसऱ्या दिवशी तिने ‘फ्रेंड्स’ लावली.

हसू नका. ‘बीटीएस’चा आरएम इंग्रजी शिकला तो याच मालिकेवर. आईने डीव्हीडी आणून दिल्या. आधी कोरियन सबटायटल, मग इंग्रजी, शेवटी सबटायटल बंद, हे त्याने 2017 मध्ये अमेरिकी टीव्हीवर सांगितलं होतं. व्हेनेझुएलाचा बेसबॉलपटू विल्मर फ्लोरेसही याच शाळेतला.

ही मालिका 1994 ते 2004 चालली. 236 भाग, तेच सहा मित्र, तोच कॉफीचा अड्डा. त्यामुळे रोजच्या बोलण्यातले तेच ते शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतात. ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ होतं, ‘वॉटर’ जवळजवळ ‘वॉडर’ ऐकू येतं. पुस्तकात हे कुठे कळणार?

शब्द कळले तरी सगळं कळतं असं नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो, हे माहीत नसेल तर टर्कीवरचे विनोद डोक्यावरून जातात. तिथला फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला तळमजला. आणि ‘हाऊ आर यू?’ला तब्येतीचा पाढा वाचायचा नसतो. आपलं ‘काय, झालं का जेवण?’ असतं ना, तसंच ते.

धोकाही आहे बरं का. मालिकेतली भाषा मित्रांची. तीच उचलून सरांना ‘हे गाइज’ म्हणालात तर संपलंच! परीक्षेत ‘कलर’च्या स्पेलिंगमधला ‘यू’ गाळला तर तपासणारे लाल पेन उचलू शकतात. आणि आपलं ‘पास आउट’ काही चूक नाही, भारतात सगळ्यांना ते कळतं. फक्त समोर कोण बसलंय, हे बघून बोलायचं.

ती नोकरी काही मिळाली नाही. पुढची मुलाखत सोमवारी आहे. आधी मालिकेतले प्रेक्षक हसले की ही हसायची. परवा रात्री सबटायटल बंद होते, आणि त्यांच्या हशाच्या आधी ही खो खो हसली.

मी तिला काही बोलले नाही. गुपचूप दोन कप चहा टाकला.