परक्याची भाकरी आणि गोपाळांची शिदोरी

श्रावण वद्य नवमी उजाडली, की आम्हा कीर्तनकारांच्या अंगी निराळेच वारे संचारते. जन्माष्टमीचा उपवास सुटलेला असतो, मंडपात लाह्या-पोह्यांच्या पराती मांडलेल्या असतात, वर दह्याची हंडी टांगलेली असते, आणि नारदांच्या गादीवर उभे राहून आम्ही सांगत असतो, की यमुनातीरी त्या सावळ्याने कोणाची शिदोरी कोणाची हे पाहिले नाही. सर्वांच्या भाकऱ्या, ताक, लोणचे एकत्र कालविले आणि उष्ट्या हाताने घास भरविले. श्रोते सद्गदित होतात, आम्हीही होतो. परंतु वाचकहो, आज एक कबुली द्यावयाची आहे. तरुणपणी पंढरीहून परगावी कीर्तनास निघताना आमच्या पडशीत टाळ-चिपळ्यांच्या शेजारी एक पितळी पातेले, तांदळाची पुरचुंडी आणि सोवळ्याची धाबळी असे. काला सांगून झाला, की यजमानांच्या ओसरीच्या कोपऱ्यात आम्ही आपला भात आपल्या हाताने शिजवून घेत असू. गोपाळांची शिदोरी जिभेवर आणि स्वतःची शिदोरी पडशीत, अशी आमची स्थिती होती.

या विसंगतीकडे आमचे लक्ष वेधले ते एका यहुदी गृहस्थाने, आणि तेही पनवेलीस. आज नवी मुंबईच्या विस्तारात विरून गेलेले पनवेल सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी कौलारू घरांचे आणि तळ्यांचे गाव म्हणूनच ओळखू येई. तेथील एका रामाच्या देवळात आम्ही जन्माष्टमीचा उत्सव करीत असू. श्रोत्यांत एक निवृत्त शिक्षक नित्य येऊन बसत. पांढरे धोतर, काळी टोपी, आख्यान रंगात आले की डोळे मिटून डोलणे. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे. ते बेने इस्राएल समाजाचे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. कारण त्यांची मराठी आमच्याहून शुद्ध होती. त्या वर्षी काल्याच्या दिवशी हंडी फुटण्याच्या जरा आधी मास्तर उठले, दुरून हात जोडले आणि निघून गेले. आम्हांस ते लागले. प्रसादाचा अव्हेर झाला, असे वाटले. सायंकाळी ते भेटावयास आले, तेव्हा आम्ही काहीशा तिखटपणाने विचारले. ते म्हणाले, "बुवा, कथा ऐकायला मला कोणतीही मनाई नाही. पण मूर्तीला नैवेद्य दाखवलेलं आम्हाला चालत नाही. आणि तुम्ही तरी यजमानांच्या घरचा भात कुठे खाता?"

आम्ही निरुत्तर झालो.

त्यानंतर त्यांच्याकडून व पुढे ग्रंथांवरून जे समजून घेतले, ते धार्मिक कुटुंबांतील वाचकांना उद्बोधक वाटेल म्हणून सांगतो. यहुदी धर्मशास्त्रात नैवेद्याचा निषेध निराळा आणि परक्याने भाजलेल्या भाकरीचा निषेध निराळा. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या संहितेत 'अवोदा झारा' नावाचे एक प्रकरण आहे. परक्यांच्या ज्या वस्तू खाऊ नयेत, परंतु ज्यांचा अन्य उपयोग करण्यास हरकत नाही, अशांच्या यादीत तेथे भाकरी आणि तेल ही दोन्ही आली आहेत. पुढे तालमूद या बृहद्ग्रंथात पंडितांनी या निषेधाची कारणे शोधली, आणि जे कारण सांगितले ते ऐकून आम्ही चकित झालो. भाकरी अशुद्ध आहे असे ते म्हणत नाहीत. भाजणाऱ्याचा हात विटाळलेला आहे असेही म्हणत नाहीत. एकत्र भाकरी खाल्ली तर घरोबा वाढेल, घरोब्यातून पानपात्रे फिरतील, आणि त्यातून एके दिवशी लग्नाची बोलणी निघतील, ही त्यांची धास्ती. देश गमावलेला, देऊळ गमावलेला, मूठभर लोकांचा समाज. लग्ने बाहेर झाली तर दोन पिढ्यांत नामशेष होईल, या भयाने घातलेले ते कुंपण होते.

त्यांच्या शास्त्रकारांनाही हा नियम जड गेला, ही त्यातील गोड गोष्ट. मिश्नेचे संकलक रब्बी यहूदा यांच्यापुढे एकदा परक्याच्या भट्टीतील सुरेख मोठी भाकरी आली. ती पाहून, इतकी उत्तम भाकरी आपल्या पूर्वसूरींनी का बरे निषिद्ध केली असावी, असे ते बोलून गेले. लोकांनी समजूत करून घेतली, की आचार्यांनी परवानगी दिली! वास्तविक दिली नव्हती. मोठ्या माणसाच्या सहज उद्गारावर लोक कशी इमारत बांधतात, हे सांगण्यास कीर्तनकाराला याहून चांगला दृष्टान्त शोधूनही मिळणार नाही. तेलाचा निषेध मात्र पुढे उठविण्यात आला, कारण तो लोकांत कधी रुजलाच नव्हता. भाकरीच्या बाबतीत मध्यम मार्ग निघाला. सोळाव्या शतकात सफेद नगरीत राहणाऱ्या योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरूख' म्हणजे 'मांडलेले मेज' हा आचारग्रंथ रचला. त्यात असे सांगितले आहे, की जेथे आपल्यातला भट्टीवाला नाही तेथे धंदा म्हणून पाव विकणाऱ्या परक्याचा पाव घेण्यास हरकत नाही. परंतु परक्या गृहस्थाने स्वतःच्या घराकरिता भाजलेली भाकरी घेऊ नये. पोलंडातील क्राकोव येथील मोशे इस्सर्लेस यांनी बाजारच्या पावाला याहूनही मोकळीक दिली. तरीही नववर्षापासून प्रायश्चित्तदिनापर्यंतच्या दहा दिवसांत पुष्कळ निष्ठावंत तो पावही टाळतात. आणखी एक गंमत अशी, की भट्टीच्या विस्तवात यहुद्याने लाकडाची एक ढलपी जरी टाकली, तरी ती भाकरी त्याच्या सहभागाची ठरते आणि निषेध गळून पडतो.

येथे आमच्यातला शास्त्री जागा झाला. आमच्याकडे याच्या बरोबर उलट आहे! मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्या शूद्रांचे अन्न ब्राह्मणाने ग्रहण करावे असे सांगितले आहे, त्यांत अर्धेलीने शेत करणारा, न्हावी, दास यांच्याबरोबर 'कुलमित्र' म्हणजे घराण्याचा स्नेही आहे, आणि 'गोपाल' म्हणजे गुराखीही आहे. म्हणजे काल्यातील शिदोऱ्यांना स्मृतीचीच संमती निघाली. आमच्याकडे ओळखीच्या घरचे चालते आणि बाजारातले, कोणाच्या हातचे ते ठाऊक नसलेले, चालत नाही. त्यांच्याकडे बाजारातले चालते आणि स्नेह्याच्या घरचे चालत नाही. आम्हांला भय विटाळाचे. त्यांना भय मायेचे. (त्याच अध्यायात ज्यांचे अन्न वर्ज्य म्हटले आहे त्यांत चोराच्या जोडीला गवईही आहे. कीर्तनाच्या बिदागीवर पोट भरणाऱ्या आम्ही त्या श्लोकावरून नेहमी घाईने पुढे जातो.)

विटाळाच्या भयाने आमच्याकडे काय काय घडले, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात झळकविली, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. ती तर सुशिक्षितांची गोष्ट. ज्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले, ज्यांच्या भाकरीकडेच नव्हे तर सावलीकडेही पाठ फिरविली, त्यांच्यावर झालेला अन्याय कोणत्याही कुंपणाच्या सबबीने झाकता येणार नाही. पैठणच्या नाथांनी तो ओळखला होता. आम्ही नाथांचे चरित्र सांगत राहिलो आणि पातेले वाहत राहिलो.

आता मास्तरांच्या समाजाविषयी. बेने इस्राएल हे कोकणचे जुने रहिवासी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची कुलकथा आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली' हे नाव. तेल्याचा प्रतिग्रहही आमच्या स्मृतिकारांनी निषिद्ध मानला; पण त्यांच्या घाण्याचे तेल कोकणातल्या घरांतून जळतच होते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याजवळ तालमूद नव्हता. शनिवार, सुंता, खवले-पर असलेलेच मासे आणि इस्राएलच्या एकेश्वराची प्रार्थना, एवढे त्यांनी जपले. प्रायश्चित्तदिनाला ते 'दारफळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी दारे लावून, परक्यांचा संपर्क टाळून बसत. ग्रंथातला नियम त्यांच्या हाती पुष्कळ उशिरा आला. कुंपण आधीपासून होते. आणि कोकणची भाकरी तर तांदळाची. यहुदी शास्त्रात भाकरीचा निषेध गहू, जव इत्यादी पाच धान्यांपुरताच आहे. तांदळाची भाकरी त्या कलमात बसतच नाही. परक्याने शिजविलेल्या अन्नाचा नियम मात्र वेगळा आहे.

पनवेलीत त्यांचे 'बेथ एल' प्रार्थनामंदिर १८४९ साली उभे राहिले. १८८० च्या सुमारास या समाजाने मराठीतून कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ यांची आख्याने, तीच साकी-दिंडीची चाल, तीच करताल! हे आम्ही मास्तरांकडूनच प्रथम ऐकले आणि त्यांच्या डोलण्याचा उगम आम्हांस उमगला. परंतु जे कुंपण त्यांनी शतकानुशतके राखले, त्याच्याच नावाने त्यांना एक दुःख सोसावे लागले. समाजातील पुष्कळ लोक इस्रायलला गेल्यावर, १९६२ साली तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला: तुमच्यात बाहेरची लग्ने झाली नाहीत कशावरून? १९६४ साली तेथील संसदेने त्यांना पूर्ण यहुदी मानावे असा ठराव केला, तेव्हा कोठे तो वाद शमला. मास्तरांचे थोरले बंधू त्या काळी तेथे होते. तो विषय निघाला की मास्तर गप्प होत.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा पनवेलीस गेलो. यजमानांच्या मातोश्री नव्वदीच्या घरातल्या, अक्षरओळखही नसलेल्या. आदल्या वर्षीचे आमचे बोलणे त्यांनी माजघरातून ऐकले होते. नैवेद्याची तयारी होण्यापूर्वीच त्यांनी एका कोऱ्या टोपलीत कोरडे पोहे, गुळाची ढेप, न फोडलेला नारळ आणि केळ्यांचा घड वेगळा काढून ठेवला होता. मास्तर हंडीच्या आधी उठले, तशी आजींनी सुनेकरवी टोपली दारात पोचती केली. "देवापुढे नेलेलं नाही हो मास्तर, कणगीतून थेट तुमच्याकडे," असे त्या आतून ओरडून म्हणाल्याचे आम्हांस स्पष्ट आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांकडून बोलावणे आले. घरी नातवाच्या नवसाचा मलिदा होता. एलियाहू हन्नबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना करून, भिजविलेले पोहे, गूळ आणि ओले खोबरे कालवून, भोवती फळे मांडून हा विधी होतो. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, भूमीतल्या फळाला दुसरे, सुगंधाला तिसरे, अशी त्यांची रीत. पोहे आजींच्या टोपलीतलेच होते. ताट आमच्यापुढे आले. मास्तरांनी हलक्या आवाजात सांगितले, की फळ नुसते घेतले तरी चालेल, बुवा, सोललेले नाही.

पडशी बाहेर ओट्यावर होती, पातेले तिच्यातच होते. आम्ही केळे बाजूला ठेवले आणि मलिद्याचा घास घेतला. गूळ जरा अधिक पडला होता.