सत्तरीतल्या डोळ्याचा पापुद्रा

नेत्रदानाचा विषय निघाला की एक शंका हमखास येते: "आजीचे डोळे म्हातारे झालेत, आता ते कुणाच्या काय कामाचे?" या शंकेचं उत्तर थक्क करणारं आहे. डोळ्याची एक अतिशय नाजूक शस्त्रक्रिया अशी आहे, जिच्यासाठी डॉक्टर मुद्दाम पन्नाशी ओलांडलेल्या दात्याचा डोळा निवडतात.

बुबुळावरचं पारदर्शक आवरण म्हणजे कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या अगदी आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. कॉर्नियात मुरणारं पाणी या पेशी रात्रंदिवस उपसून बाहेर टाकतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण 2500 पेशी असतात आणि गेलेली पेशी पुन्हा भरून येत नाही. फुक्स नावाच्या आजारात, किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत इजा झाल्यास, त्या फार कमी होतात. मग कॉर्निया सुजतो. सकाळी उठल्यावर सगळं धुरकट दिसतं आणि डोळे उघडे राहून पाणी उडून गेलं की दुपारपर्यंत जरा निवळतं. आजार वाढला की दिवसभर धुकंच.

1905 साली एडुआर्ड झिर्म यांनी माणसावर पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं. त्यानंतर अनेक दशकं बहुतेक रुग्णांचा कॉर्निया पूर्ण जाडीचा बदलून टाके घालत. नेदरलँड्सचे गेरिट मेलेस यांनी वेगळा विचार केला: बिघाड आतल्या थरात आहे, तर तेवढाच बदलू. 2006 साली त्यांनी मांडलेल्या 'डीमेक' पद्धतीत पेशींचा थर आणि त्याला आधार देणारा डेसिमेटचा पापुद्रा, एवढंच रोपण होतं. जाडी 10 ते 15 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव हिश्श्याहूनही कमी!

हा पापुद्रा सोलायचा कसा? दात्याचा कॉर्निया आतली बाजू वर करून द्रवात बुडवून ठेवतात. निळा रंग टाकला की पापुद्र्याची कड उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती कड अलगद सोडवून, बारीक चिमट्याने धरून, कडेकडून मध्याकडे पापुद्रा हळूहळू सोलत नेतात. घाईने ओढला तर फाटतो, पेशींना धक्का लागला तर त्या मरतात. मग साधारण 8 मिलिमीटरची गोल चकती कापतात. सुटी होताच ती आपोआप गुंडाळली जाते, पेशी बाहेरच्या अंगाला. सुलट-उलट कळावं म्हणून तिच्यावर आधीच इंग्रजी 'एफ' किंवा 'एस' उमटवलेला असतो. अक्षर उलटं दिसलं, की चकती पालथी पडली.

ही सुरळी नळीतून रुग्णाच्या डोळ्यात सोडतात. शल्यविशारद तिला हात न लावता कॉर्नियावर बाहेरून हलक्या टिचक्या मारून ती उलगडतो आणि खालून हवेचा बुडबुडा भरतो. रुग्ण उताणा पडून राहतो, बुडबुडा पापुद्र्याला वर दाबून धरतो. पापुद्र्याला एकही टाका लागत नाही. त्या पेशी पुन्हा पाणी उपसू लागतात, आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं धुकं विरतं.

आता वयाचं. डेसिमेटचा पापुद्रा वयाबरोबर जाड होत जातो. तरुण डोळ्यात तो पातळ, घट्ट चिकटलेला आणि सोलल्यावर आवळून गुंडाळणारा असतो. साठी-सत्तरीत तो सहज सुटतो, सहज उलगडतो. शिवाय उरलेला पुढचा भाग चांगला असेल, तर योग्य अशा दुसऱ्या रुग्णाला देता येतो. एका कॉर्नियात दोघांना दृष्टी!

अर्थात प्रत्येक दान आधी तपासलं जातं. पेशी मोजतात, दात्याच्या रक्ताची चाचणी करतात. कोणता कॉर्निया कशासाठी वापरायचा, हे नेत्रपेढी ठरवते. चष्मा होता किंवा मोतीबिंदू काढला होता, एवढ्यावरून आपण घरीच नकार ठरवू नये.

वेळ मात्र थोडा असतो: मृत्यूनंतर साधारण सहा तास. नेत्रपेढीला लगेच फोन करावा, पापण्या मिटवून ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवावं. पथक घरी येतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. मृत व्यक्तीने अर्ज भरलेला नसला, तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने दान होतं. म्हणूनच आजी-आजोबांशी हा विषय आजच बोलावा, तोही त्यांचं वय आडवं न आणता.